सिंड्रेला सदाशिव पेठेत आणायची असेल तर

तू विचारलंयस ते आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुला बघता येईल. कादंबरी रोमान्स आहे, सिंड्रेलावर बेतलेली. सईची आई लहानपणीच गेली, सावत्र आई सदाशिव पेठेत मेस चालवते, सई पहाटेपासून पोळ्या लाटते आणि संध्याकाळी डबे पोचवते, दोन सावत्र बहिणी दिवसभर रील्स बनवत बसतात. राजवीर इनामदारची बाणेरला आयटी कंपनी आहे. कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात कंपनीची पार्टी, सई केटरिंगवाल्याबरोबर कामाला जाते, उसनी पैठणी नेसून पाहुण्यांत मिसळते, बाराच्या ठोक्याला पळते, एक कोल्हापुरी चप्पल मागे राहते आणि मग तो पुणंभर तिला शोधत हिंडतो. एका प्रकाशकाने 'फारच परीकथा वाटते' म्हणून परत पाठवली आणि मैत्रीण म्हणाली की आजच्या काळात असलं लिहिणं म्हणजे बायकांना मागे नेणं. तर सिंड्रेला टाकून द्यायची का, आणि ठेवायची तर किती बदलायची, हा तुझा प्रश्न.

मी गेली बावीस वर्षं लोकांच्या प्रेमकथा दुरुस्त करतेय. सुरुवात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातल्या दोन टेबलांच्या ऑफिसात प्रुफं तपासण्यापासून झाली, मग दिवाळी अंक, मग पॉकेट साइझच्या कादंबऱ्या, आता बरंचसं काम ऑडिओ मालिकांचं असतं. तेव्हा टाकून देऊ नकोस हे पहिल्यांदा सांगते. आणि दुसरं, जे ऐकून तुला आश्चर्य वाटेल, तुझ्या कादंबरीत परीकथा जास्त झालेली नाहीये, कमी पडलीये. तू सिंड्रेलाच्या घरातलं सामान उचललंस, म्हणजे पार्टी, साडी, चप्पल, बारा वाजले, श्रीमंत मुलगा. पण ती गोष्ट ज्याच्यावर चालते ते तिथंच राहिलं. मी त्याला दोन शब्द वापरते, अट आणि खूण. हे दोन जागेवर असले ना, की राजवाडा नसला तरी वाचकाला आतून कळतं की ही तीच गोष्ट आहे, आणि हे नसले तर कितीही झुंबरं लाव, ती लग्नाच्या हॉलची सजावटच दिसते.

आधी खूण घेऊ, कारण तुझी चप्पल मला फार छळतेय.

राजवीर ती चप्पल घेऊन पेठेपेठेतून फिरतो हे तू चाळीस पानं लिहिलंयस. अगं पण कोल्हापुरी चप्पल सहा नंबरची, ती अर्ध्या पुण्याला बसेल! आणि त्याला केटरिंगवाल्याला एक फोन करता येतो, हॉटेलात सीसीटीव्ही आहे, कंपनी त्याची स्वतःची आहे. वाचक तिसऱ्या पानावर हा प्रश्न विचारतो आणि तू त्याचं उत्तर दिलं नाहीस म्हणून तो 'परीकथा वाटते' म्हणतो, त्याला म्हणायचं असतं की पटत नाही. मूळ गोष्टीत ह्याची काळजी घेतलीये बघ. शार्ल पेरोने १६९७ मध्ये फ्रेंचमध्ये ही गोष्ट लिहिली, काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी त्याच्या गोष्टीतली, आणि काचेची खुबी अशी की ती ताणून सैल होत नाही, पाय बसला तर बसला नाहीतर नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन गोष्टीत बूट सोन्याचा आहे आणि तो चुकून पडतच नाही, राजपुत्र तिसऱ्या रात्री जिन्यावर डांबरासारखा चिकट राळ फासून ठेवतो म्हणून तो तिथं चिकटून राहतो. म्हणजे त्या पोरानेही डोकं चालवलंय. आणि सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून एक अंगठा कापते, दुसरी टाच कापते. रक्त येतं म्हणून पकडल्या जातात. लहान मुलांच्या पुस्तकांतून हे काढून टाकलं पण गोष्टीचा खरा दात तिथं आहे, खोटी खूण दाखवायची तर स्वतःचं मांस द्यावं लागतं.

पेरोच्या गोष्टीतली अजून एक जागा माझी फार लाडकी आहे आणि ती कुणालाच आठवत नाही. बूट पायात बसतो तेव्हा सिंड्रेला गप्प उभी राहत नाही, ती खिशातून जोडीतला दुसरा बूट काढते आणि तोही पायात घालते. पुरावा तिच्याकडे आधीपासून होता. आणि बूट घालून बघायला राजपुत्र आलेलाच नसतो, त्याचा माणूस आलेला असतो. आता हे लक्षात घेऊन तुझा शोधाशोधीचा भाग परत वाच, त्यात सई चाळीस पानं फक्त सापडायची वाट बघतेय. तिच्या खिशात काय आहे?

आपल्याकडे तर खुणेचा धंदा फार जुना आहे. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच अभिज्ञान आहे, म्हणजे ओळख पटवणारी खूण, ती अंगठी नदीत पडते, मासा गिळतो, कोळ्याला सापडते. पण तुझ्या कामाची त्यापेक्षा दमयंती. नलाला कर्कोटक नाग चावतो आणि तो कुरूप होतो, बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीला संशय येतो, तर ती काय करते, दुसऱ्या स्वयंवराचा खोटा निरोप पाठवते, तोही असा की उद्या सूर्योदयाला स्वयंवर आहे. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणू शकेल असा माणूस जगात एकच. तो येतो. मग ती दासीला त्याच्यावर नजर ठेवायला सांगते आणि शेवटी त्याने शिजवलेलं मांस मागवून चाखून बघते, आणि चवीवरून ओळखते की हा नल. म्हणजे अटही तिनेच घातली, मुदतही तिनेच ठरवली आणि खूणही तिनेच तपासली. हे महाभारतात आहे, कुठल्या आजच्या फेमिनिस्ट रीटेलिंगमध्ये नाही.

आणि तुझी नायिका मेसमध्ये स्वयंपाक करते! तुझ्या हातात चवीची खूण असताना तू चप्पल घेऊन बसलीस. समज, राजवीरच्या ऑफिसात गेली दोन वर्षं एक डबा येतोय, कुणाकडून येतो त्याला माहीत नाही, कंपनीतल्या कुणीतरी लावलेला. आमटीत चिंच-गुळाचं प्रमाण एका विशिष्ट घरचं आहे, गोडा मसाला घरी भाजलेला आहे, तो कुठल्याही हॉटेलात गेला तरी ती आमटी शोधतो. त्याला चेहऱ्यावरून नाही, आमटीवरून कळलं तर ते फक्त हीच मुलगी असू शकते, दुसऱ्या कुणाच्या पायात ते बसणार नाही. आणि सावत्र बहिणीने त्याला ती आमटी खोटी करून खायला घालायचा प्रयत्न केला तर तुझा अंगठा कापायचा प्रसंगही फुकटात मिळाला, शिवाय विनोदी. मी काही तुला लिहून देत नाहीये, पण दिशा कळतेय ना.

आता अट.

बारा वाजता परत ये, ही अट पेरोची. ग्रिमच्या नंतरच्या, आज सगळे वाचतात त्या आवृत्तीत बारा वाजायचं काहीच नाही, तिथं मुलगी तीन रात्री जाते आणि आपल्या मनाने निघते, एकदा कबुतरांच्या खुराड्यात लपते, एकदा झाडावर चढते. म्हणजे अट बदलता येते, फक्त काहीतरी अट पाहिजे, आणि ती मोडली तर काय जाणार ते वाचकाला आधीच माहीत पाहिजे. पेरोकडे ते स्पष्ट आहे, गाडीचा भोपळा होणार, कपड्यांच्या चिंध्या होणार, सगळ्यांसमोर. तुझी सई बाराला का पळते? मी हस्तलिखितात शोधलं, कारण सापडलं नाही. बारा वाजतात आणि ती पळते, कारण सिंड्रेला पळाली होती. हे असं चालत नाही बाई.

पुण्यात अटी कमी आहेत का? सदाशिव-नारायण पेठेत पोरींच्या किती तरी पीजी आणि हॉस्टेलांत रात्री ठरलेल्या वेळेला गेट बंद होतं, बाहेर राहिलीस तर दुसऱ्या दिवशी घरी फोन जातो. शेवटची मेट्रो आहे. सगळ्यात सुंदर अट मला एका नवख्या मुलाच्या गोष्टीत भेटली होती, त्याने खडकवासल्याचं पाणी वापरलं होतं. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढवला की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल बंद, आणि नायिका डेक्कनच्या बाजूला अडकलेली, घर पलीकडे पेठेत, पाणी चढतंय, तिला पूल बंद व्हायच्या आत पलीकडे पोचायचंय कारण घरी झोपलेल्या आजीला ती बाहेर गेलीये हे माहीत नाहीये. वाचणारा प्रत्येक पुणेकर मनात घड्याळ बघत होता. त्या गोष्टीत ना परी, ना गाडी, पण ती इतकी परीकथा होती की बास. (भाषा भयंकर होती, ती मी दुरुस्त केली, पूल मात्र तसाच ठेवला.)

अटीला किंमत असते हे विसरायचं नाही. अँडरसनची जलपरी, १८३७ ची, पाय मिळावेत म्हणून जीभ देते, आवाज देते, आणि शेवटी राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि ती समुद्राचा फेस होते. ती गोष्ट आपल्या धंद्यात रोमान्स म्हणून बसत नाही, कारण अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्या केलीये तिच्यात दोनच गोष्टी आहेत, प्रेमकथा मध्यवर्ती आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा. पण आवाज देऊन पाय मिळवणं हा सौदा मी कितीतरी रोमान्समध्ये बघते आणि चांगला चालतो, घरच्यांशी बोलायचं सोडून शहरात आलेली, कविता सोडून नोकरी धरलेली. फक्त शेवटी आवाज परत मिळवून द्यायचा.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ती चुकीचं बोलत नाहीये. कोणीतरी येऊन आपल्याला सोडवेल म्हणून बसून राहणाऱ्या बायकांसाठी सिंड्रेला कॉम्प्लेक्स हा शब्द १९८१ पासून चाललाय आणि आपल्या पॉकेट कादंबऱ्यांनी त्याला भरपूर खतपाणी घातलंय, त्यातल्या काहींवर माझाही हात फिरलाय. पण माझ्या अनुभवात गडबड सिंड्रेलाने कमी आणि ब्यूटी अँड द बीस्टने, म्हणजे सुंदरी आणि शापित राक्षसाच्या गोष्टीने, जास्त केलीये. म्हणजे त्या गोष्टीने नाही, त्या गोष्टीच्या नावाखाली जे खपवलं गेलं त्याने.

माझाच किस्सा सांगते. दहाबारा वर्षं झाली असतील, एका कादंबरीचा हिरो होता, नायिकेचा हात पिरगाळायचा, फोन तपासायचा, नोकरी सोडायला लावायचा, आणि दोनशेव्या पानावर कळायचं की लहानपणी त्याची आई सोडून गेली होती म्हणून तो असा. मी लेखिकेला सांगितलं की आईचं प्रकरण जरा आधी आण, वाचक माफ करतील. आणलं, छापलं. पेठेतल्या एका लायब्ररीत वाचकांशी गप्पा होत्या तिथं एक आजी उठल्या, ऐंशीच्या तरी असतील, म्हणाल्या, "अहो, ह्याला शाप कुठाय? शाप असता तर उतरला असता. हा तर नुसताच हलकट आहे." मला घरी येऊन झोप लागली नाही. त्या आजींनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, राक्षसाच्या गोष्टीत कातडं वेगळं आणि माणूस वेगळा असतो, आमच्या पुस्तकात कातडं सोलून बघितलं तर आतही तोच होता.

मग मी मूळ गोष्ट परत वाचली. वीलनव नावाच्या बाईंनी १७४० मध्ये ती लांबलचक लिहिली, मग बोमाँ बाईंनी १७५६ मध्ये छोटी करून, त्या लंडनमध्ये मुलींना शिकवायच्या, आणि आज जगाला माहीत आहे ती त्यांचीच. त्यात तो बीस्ट काय करतो माहितीये? रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो आणि विचारतो, माझ्याशी लग्न करशील का. ती नाही म्हणते. तो सुस्कारा टाकतो आणि जातो. दुसऱ्या रात्री परत विचारतो. तिला राहायला दालन देतो त्यात पुस्तकांचा मोठा संग्रह आहे, वाद्य आहे, तो तिला सांगतो की ह्या घराची मालकीण तू. तिला वडिलांना भेटायला जायचंय तर आठवड्याची मुदत देऊन सोडतो, आणि ती वेळेत आली नाही तर मरायला टेकतो पण आणायला जात नाही. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा राक्षस 'नाही' म्हटलं की ऐकतो, आणि आमचा एमबीए झालेला हिरो ऐकत नाही! (बापाच्या बदल्यात मुलीने राक्षसाकडे राहायचं हा सौदा आहेच त्या गोष्टीत, तो काही गोड नाही, तेव्हा अगदी डोक्यावर घेऊ नकोस. पण रोज रात्री विचारणं घे.)

आणि शाप हे हिरोला वाचवायचं जुनं तंत्र आहे बरं का. महाभारतातली शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख देत नाही, आकाशवाणी झाल्यावर म्हणतो की मला माहीत होतं पण लोकांनी संशय घेतला असता. अंगठीही नाही, दुर्वासही नाही. कालिदासाने शाप घातला, अंगठी घातली, आणि भित्रा राजा विसरलेला प्रियकर झाला. हे वाचलं की मला वाटतं आपल्या धंद्याचे मूळपुरुष तेच. पण बघ, त्यांनी शापाची किंमत राजाकडून वसूल केली, अंगठी मिळाल्यावर तो अख्खा अंक रडत बसतो, तिचं चित्र काढत बसतो. तुझ्या राजवीरला कुठला शाप आहे? श्रीमंत, देखणा, सज्जन, रिकामा. त्याच्या बाजूने काहीच अडलेलं नाही म्हणून तो शोधायला निघतो तेव्हा पर्यटक वाटतो.

झोपलेल्या राजकन्येबद्दल तू सहज विचारलंस म्हणून दोन ओळी. चुंबनाने जाग येणं हे ग्रिमचं, पेरोकडे शंभर वर्षं पुरी होतात आणि राजपुत्र नुसता गुडघे टेकतो तेवढ्यात ती उठते, आणि त्यांच्याआधी बझीले नावाच्या इटालियन माणसाच्या गोष्टीत राजा झोपेतच तिच्यावर जबरदस्ती करतो. तेव्हा 'मूळ गोष्टीला धरून' असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठल्या मुळाला? दर पिढीने ती धुतलीये. तूही धू.

आता जिथं मला खरं तुझ्याशी भांडायचंय तिथं येते. तुझी कादंबरी लग्नाशी संपते. राजवीर मेसमध्ये येतो, सगळ्यांसमोर मागणी घालतो, संपलं. हे युरोपच्या परीकथेचं वळण आहे. व्लादिमीर प्रॉप म्हणून रशियन अभ्यासक होते, त्यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांचे सांधे मोजले, ते ३१ निघाले, आणि एकतिसावा सांधा म्हणजे लग्न. तिथं पडदा. आपल्या गोष्टी मात्र फार वेळा लग्नानंतर सुरू होतात.

श्रावणातली शिवामुठीची कहाणी आठव. घरी कुणीतरी वाचत असेलच, नसेल तर आजीला विचार. आटपाट नगर, राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला उष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या गोठ्यात राहायला. ही सिंड्रेलाच ना? फक्त ती सावत्र मुलगी नाहीये, सून आहे. तिला रानात नागकन्या-देवकन्या भेटतात, पण त्या साडी आणि गाडी देत नाहीत, वसा देतात, दर सोमवारी मूठ वाहायची, तांदूळ, तीळ, मूग, जव, आणि म्हणायचं की नावडती आहे ती आवडती कर रे देवा. आणि त्या मागण्यातला क्रम बघ, सासू-सासरे, दीर, नणंदा-जावा आणि भ्रतार सगळ्यात शेवटी! नवरा त्या कहाणीत जवळजवळ दिसतच नाही. शेवटी सासरा देव बघायला रानात येतो, सोन्याचं देऊळ होतं, तो पागोटं खुंटीवर ठेवून तळं बघायला जातो, परत येतो तर देऊळ लहानसं झालेलं, आत पिंडी, आणि खुंटीवर त्याचं पागोटं. म्हणजे इथेही वस्तू मागे राहते, पण ती तिची चप्पल नाही, सासऱ्याचं पागोटं! ज्याची सत्ता त्याचीच खूण. मी हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा एका ओळखीच्या बाईंच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मोठ्याने हसले, त्यांना वाटलं मी कहाणीची चेष्टा करतेय.

दुसरं उदाहरण तर अगदी आपल्या गावाशी जोडलेलं आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर, ज्यांच्या काळात गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याचं काम सुरू झालं, म्हणजे आज जिथं विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, त्यांची मुलगी मेरी फ्रिअर. वडिलांबरोबर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखात दौऱ्यावर असताना तिने आपली आया, अ‍ॅना लिबेराता डिसूझा, हिच्याकडून गोष्टी ऐकून लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यात सोडेवाबाईची गोष्ट आहे. राजकन्या, जन्मतःच गळ्यात सोन्याचा हार, त्या हारात तिचा जीव. फुलं वेचताना तिची एक चपली डोंगराखाली रानात पडते, शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते, शोध होतो, लग्न होतं. आणि हे सगळं सुरुवातीलाच! खरी गोष्ट पुढे आहे, त्याची पहिली बायको हार चोरवते, सोडेवाबाई मरते, आणि रात्री सवत हार काढून ठेवते तेवढ्या वेळापुरती जिवंत होते. वाचताना अंगावर काटा येतो. चपलेने माणूस सापडतो, पण सापडल्यावर त्या घरात जिवंत कसं राहायचं हा प्रश्न आपल्या बायकांना जास्त मोठा वाटला असणार, कारण तो रोजचा होता.

म्हणून आपल्या वाचकाला 'आधी लग्न, मग प्रेम' हा प्रकार इतका आवडतो. नाइलाजाचं लग्न, कराराचं लग्न, आजीच्या शेवटच्या इच्छेचं लग्न, माझ्याकडे येणाऱ्या ऑडिओ मालिकांत ह्याची रांग लागलेली असते, शहाणे लोक नाकं मुरडतात पण ती नावडतीची कहाणी आहे, त्या घरात आवडती व्हायची. फक्त आता दुरुस्ती एवढी करावी लागते की आवडती व्हायला तिनेच का झिजायचं, त्या घरानेही झिजावं. आणि घर सोडून पळायचं म्हणशील तर हरतालिका आहेच, बापाने विष्णूशी ठरवलेलं लग्न नको म्हणून पार्वती सखीबरोबर रानात निघून जाते, आणि ती कथा दरवर्षी भाद्रपदात आपल्या आया-मावश्या वाळूची पिंड मांडून भक्तिभावाने ऐकतात, मग घरी येऊन पोरीला विचारतात की तुझं बाहेर काही आहे का.

तुझ्या प्रकाशकाचं 'परीकथा' ही शिवी असल्यासारखं म्हणणं, त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. मराठी कादंबरीच्या पाळण्यातच मुक्तामाला होती, १८६१ ची, मग मंजुघोषा, सगळं अद्भुतरम्य. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातल्या खऱ्या बायकांचं दुःख लिहिलं आणि ते इतकं मोठं काम होतं की तेव्हापासून आपल्याकडे अद्भुत म्हणजे हलकं असं होऊन बसलं. मला ते भांडणच मान्य नाही. नावडती सून उष्टं खात होती हे वास्तवच आहे की.

म्हणून माझं म्हणणं, राजवीरची मागणी शेवटच्या पानावरून उचल आणि मध्यावर आण. मग सईला बाणेरच्या त्या सतराव्या मजल्यावर ने, जिथं स्वयंपाकाला बाई आहे आणि हिला ओट्याजवळ जायची मनाई आहे. तिथं तुझी कादंबरी सुरू होईल बघ.

सावत्र आईबद्दल. ती तुझ्याकडे पहिल्या ओळीपासून दुष्ट आहे, कारण सावत्र आहे. ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी ती सावत्र केली, कारण आई अशी नको वाटली. म्हणजे सावत्रपणा ही संपादकीय सोय आहे! तू मेस चालवणारी बाई लिहितेस, जरा तिच्या शेजारी बस. साठ डबे, एमपीएससीची पोरं, कोणी दोन महिने पैसे थकवलेले, त्यातला एक परीक्षा नापास होऊन गावी निघून गेलेला, सिलिंडर महाग, जागेचा मालक घर रिकामं करा म्हणतोय, नवरा गेलेला आणि पदरात स्वतःच्या दोन आणि सवतीची एक. ती सईला पहाटे चारला का उठवते हे मला कळू दे, मग ती वाईट वागली तरी चालेल, जास्त वाईट वागली तरी चालेल.

आणि शेवटचं, ती पैठणी. 'उसनी पैठणी' एवढंच लिहून तू पुढे गेलीस. कुणाची? ग्रिमच्या गोष्टीत परी नाहीच, आईच्या थडग्यावर मुलीने एक फांदी लावलेली असते, रडून रडून तिचं झाड होतं, आणि त्या झाडावरचा पक्षी कपडे खाली टाकतो. म्हणजे कपडे आईनेच दिलेले असतात. मेसमध्ये एक ट्रंक असेल, वर तांदळाची पोती रचलेली, सावत्र आईने कधी उघडली नाही आणि टाकूनही दिली नाही. त्यात सईच्या आईची पैठणी असू दे. ती तिने न विचारता काढलीये, पहाटे चारला सावत्र आई उठायच्या आत घडी करून परत ठेवायचीये, ही झाली तुझी अट. आणि हॉटेलात राजवीरच्या हातून, का तिच्याच हातून, पदरावर आमटी सांडते. तो डाग निघत नाही.

तेवढं लिहून पाठव, मग चपलेचं काय करायचं ते बघू.